ताईच्या नसांचा नकाशा

सख्ख्या मोठ्या बहिणीला कागदावर आडवं झोपवून तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एक तर कागद सुरकुततो. दुसरं म्हणजे बहिणीला गुदगुल्या होतात. आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या दारातल्या वहिनी वर्तमानपत्र परत द्यायला म्हणून न विचारता आत येतात. पलंगावर हात पसरून पडलेली ताई, उशाशी पेन्सिल घेतलेला मी आणि पायाशी फूटपट्टी घेतलेली माझी बायको हे दृश्य बघून वहिनी "अगं बाई!" म्हणत दारातल्या स्टुलावरच बसल्या.

"कधी गेल्या?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"गेले नाही अजून," ताई पडल्या पडल्या म्हणाली. "माझा नकाशा काढतायत. तुम्ही जरा उजेडातून बाजूला सरका."

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही वहिनींसारखं भलतंसलतं समजाल.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी सरकारी नकाशाघरात प्रमुख आरेखक होऊन निवृत्त झालो, डोक्यावरचे केस मावळले, तरी ती मला छोट्याच म्हणते. घरात म्हणते ते ठीक आहे हो, पण बँकेत म्हणते! ती स्वतः बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत होती. कर्ण्यावरून गाड्या सुटायच्या सूचना द्यायची. तिने "सुटत आहे" म्हटलं की गाडी सुटायचीच, ड्रायव्हरचा चहा राहिला तरी.

तर त्या ताईच्या उजव्या हाताचा अंगठा एक दिवस ऐकेनासा झाला. आधी कपबशी सुटली, मग किल्ली फिरेना, मग पाऊल घसटायला लागलं. तपासण्या झाल्या, अंगात सुया टोचून विजेचे झटके देऊन झाले, आणि शेवटी आम्ही मज्जातंतूंच्या डॉक्टरांपुढे बसलो. डॉक्टर तरुण आणि हुशार होते, पण त्यांची एक सवय होती. ताई त्यांच्या आणि माझ्या बरोबर मधे बसलेली असताना ते तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते. "यांना झोप लागते का? या जेवतात का?" ताई आपली कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मग "तुम्ही जरा बाहेर येता का" म्हणून त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

तिथे त्यांनी मला रोगाचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूतून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या एकेक करून मरत जातात. स्पर्श कळतो, डोळे, कान, बुद्धी सगळं शाबूत राहतं. फक्त हुकूम पोचत नाही. हात, पाय, मग बोलणं, मग गिळणं, आणि शेवटी श्वास.

"श्वासाला मशीन लावायचं की नाही हे आधी ठरलेलं बरं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना बोलता येतंय तोवर त्यांचं मत विचारून घ्या. तुमच्या पद्धतीने, हळूहळू सांगा."

माझी पद्धत एकच, ती म्हणजे न सांगणं. डॉक्टरांना बिचाऱ्यांना हे काय माहीत.

"काय म्हणाला तो?" ताईने गाडीत विचारलं.

"काही नाही. नसांचा अशक्तपणा आहे म्हणाले."

"एवढं सांगायला बाहेर नेलं तुला?"

"बाहेर जरा हवा बरी होती."

घरी आल्यावर बुटाची नाडी मला सोडायला लावून म्हणाली, "छोट्या, मला काय झालंय ते मला कळायला हवं. माझं अंग आहे. तोंडाने सांगता येत नसेल तर काढून दाखव. जन्मभर परक्यांचे ओढे-नाले काढलेस, आता एकदा माझं काढ."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सांगणं वेगळं आणि काढणं वेगळं. काढायला बसलं की माणसाला खाली मान घालता येते.

आता नकाशा काढायचा म्हणजे मूळ आधार हवा. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. तिथल्या कारकुनाने टेबलावर दोन्ही कोपरं रोवून माझी उलटतपासणी घेतली.

"विद्यार्थी?"

"नाही."

"शिक्षक?"

"नाही."

"मग पेशंट?"

"पेशंटचा भाऊ."

"भावाला रकाना नाही," तो म्हणाला. शरीररचना विभागाच्या प्रमुखांचं पत्र आणलंत तर बघू. विभागात गेलो तर तिथले शिपाई म्हणाले, साहेब फक्त ग्रंथालयाच्या सभासदांना पत्र देतात. मी या दोन इमारतींमधल्या जिन्यावर इतक्या वेळा चढउतार केली की माझ्याच पायाच्या नसा मला पुस्तकाशिवाय पाठ झाल्या. शेवटी त्या कारकुनालाच दया आली. दया म्हणजे काय, त्याच्या करंगळीला मुंग्या यायच्या. "आत बसा," तो म्हणाला, "पण माझ्या करंगळीचंही बघून ठेवा." मी बघितलं. करंगळीची नस कोपराच्या मागून, अगदी कातडीखालून जाते, कोपर आपटलं की झिणझिणतं ते तिथेच. मी त्याला म्हटलं, दिवसभर टेबलावर कोपर टेकू नका. तो भयंकर दुखावला. "म्हणजे मी काम सोडून देऊ?" त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, पण आत मात्र सोडत राहिला.

ती पुस्तकं बघताना मी पहिले काही दिवस सगळं विसरलो, हे कबूल करतो. अहो, काय रेखीव काम आहे! मेंदूतून कण्यात उतरणारा मज्जारज्जू, त्यातून मणक्यामणक्याला दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या नसांच्या जोड्या, खांद्याशी त्यांची झालेली गुंतागुंत आणि त्यातून पुन्हा सुटून बोटांच्या टोकापर्यंत गेलेल्या वाटा. मांडीमागची नस तर चांगली करंगळीएवढी जाड. मी नोकरीला लागलो त्या साली... जाऊ दे, नोकरीतल्या गोष्टी सुरू झाल्या की माझं थांबत नाही असं बायको म्हणते.

मग तो कागद पलंगावर अंथरण्याचा प्रसंग झाला, तो तुम्ही पाहिलातच. उजवी बाजू मी काढली, डावी बायकोने. त्यामुळे ताईचा डावा पाय उजव्याच्या दीडपट आला. बायको म्हणाली, "पांघरुणाचा घोळ होता." ताई म्हणाली, "राहू दे. निदान एक तरी पाय धडधाकट दिसतोय."

नकाशा पुरा होत आला तशी बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर खाली आले. निवृत्त आहेत, पण इमारतीत कोणाचं काही चुकलं की त्यांना वरूनच कळतं. त्यांनी चष्मा लावून ताईच्या नसा तपासल्या आणि म्हणाले, "नावं कुठायत? नावाशिवाय ज्ञान नाही. शत्रूचं नाव ठाऊक असलं की निम्मी भीती जाते." दुसऱ्या दिवशी ते परिभाषा घेऊनच आले. जिभेखालच्या नसेला अधोजिव्ह तंत्रिका. मेंदूतून पोटापर्यंत भटकणारी ती प्राणेशा. लहान मेंदू तो अनुमस्तिष्क. मी प्रत्येक नाव सुबक अक्षरात लिहीत गेलो.

"एवढ्याशा धाग्याला एवढं मोठं नाव?" ताईने विचारलं. "हाक मारेपर्यंत मरेल की तो."

हेडमास्तरांनी तिला नावं पाठ करायला सांगितली. ताईने त्याऐवजी स्वतःची ठेवली. मांडीमागची ती हमरस्ता, करंगळीची ती कारकुनाची, आणि जिभेची ती वहिनींची, कारण ती थकत नाही. हेडमास्तर रागावून दोन दिवस खाली आले नाहीत. वहिनींना आपलं नाव नसेला दिलं म्हणून आनंद झाला. त्यांनी अक्रोड आणून दिले, कारण ते मेंदूसारखे दिसतात म्हणून मेंदूला चांगले. ताईला तेव्हा चावायला जड जात होतं, म्हणून ते मी खाल्ले. माझ्या मेंदूत काही फरक पडला नाही.

नकाशा ताईच्या पलंगाच्या पायथ्याशी, समोरच्या भिंतीवर लावला. त्यावरून घरात वेगळंच भांडण झालं. "येणारेजाणारे बघतात," बायको म्हणाली. "नुसत्या नसा असल्या म्हणून काय झालं, अंगावर काही नाही ते नाहीच!" तिने वरून जुना पडदा लावला. आता पाहुणे आले की पडदा ओढायचा आणि गेले की सारायचा. पाहुण्यांना वाटायचं मागे देवघर आहे. एकाने तर जाताना हातही जोडले.

खरी चूक इथून पुढची आहे, आणि ती करायला माझ्यासारखा नकाशेवालाच हवा. आमच्या नकाशाघरात एक शिस्त होती. रस्ता बंद झाल्याची खबर आली की त्याच दिवशी नकाशावर तांबड्या शाईने फुली मारायची. जुना नकाशा भिंतीवर ठेवणं म्हणजे लोकांची फसवणूक, असं आमचे साहेब म्हणायचे. ताईची उजवी मूठ वळेनाशी झाली, तेव्हा मी सवयीने तांबडी शाई काढली आणि दंडातून खाली येणाऱ्या वाटेवर बारीकशी फुली मारली. छान आली होती. मी फुंकर मारून वाळवत होतो, तेवढ्यात बायको आली.

"अहो, तुम्हाला काही कळतं का?" ती कुजबुजली. "डोळे उघडले की समोर हेच दिसणार त्यांना!"

मी खोडरबर शोधायला लागलो. पण ताई जागी होती.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "बरोबर मारलीस. पायाची राहिलीय, उजव्या. कालपासून." आणि मग तिने घसा साफ केला आणि तिच्या त्या जुन्या आवाजात, थोडा जड झालेला होता तो, म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उजव्या पावलाकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

आम्ही तिघंही हसलो. बायको हसता हसता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच झाला. ताई खबर द्यायची, मी फुली मारायचो. डावा अंगठा. उजवा गुडघा. एखादे दिवशी फुली नसली की मला सणासारखं वाटायचं. मी मनाशी म्हणायचो, थांबलंय बहुतेक. मग दोन दिवसांनी ती हाक मारायची, "छोट्या, शाई आण."

एका दुपारी मी फुली मारून वळलो तर ताई नकाशाकडे डोळे बारीक करून बघत होती.

"मानेच्या खाली काय लिहिलंयस रे? छातीत?"

"कुठे?"

"तिथेच. सगळीकडे नसाच नसा, आणि मधे हा केवढा ओसाड माळ. काहीतरी अक्षरं आहेत."

अक्षरं माझीच होती, आणि फार सुरेख होती. मी लिहिलं होतं, 'पाहणी बाकी'. नकाशाघरात जिथली मोजणी झालेली नसेल तिथे असं लिहितात. काढायला बसलो तेव्हा मानेपर्यंत हात नीट चालला. पुढची नस कुठून निघते, कुठे जाते, सगळं पुस्तकात बघून ठेवलं होतं. पण तिथे पेन्सिल टेकवायची वेळ आली की मी टोक करायला उठायचो. म्हणून मग तेवढा भाग मोकळा सोडून मी वर मजकूर घातला.

"पुस्तकात तो भाग नीट छापलेला नव्हता," मी म्हणालो.

"नोकरीत असताना तूच मला सांगायचास," ताई म्हणाली. आता तिला एकेक शब्द ढकलून काढावा लागत होता. "जिथं जायची साहेबाला भीती वाटते, तिथं पाहणी बाकी लिहितात."

मी खुर्ची ओढून भिंतीशी बसलो, मजकूर खोडला आणि काढायला लागलो. ताई बघत होती.

"ही मानेतून निघते," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी एकेक. खाली छातीत उतरते."

"हृदयाजवळून जाते?"

"हो. अगदी खेटून."

"मग हळू काढ."

मी हळू काढली. छातीच्या तळाशी मध्यपटल नावाचा स्नायू असतो, पोट आणि छाती यांच्या मधला पडदा. तो खाली ओढला गेला की श्वास आत येतो. नस तिथे नेऊन पोचवली आणि हात थांबला.

"आणि ही बंद पडली की?"

"की श्वास घेता येत नाही, ताई."

व्हरांड्यातून आल्यापासून माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं सरळ वाक्य. मग बाकीचंही निघालं. जीभ जाईल, गिळणं जाईल, मग हे. गळ्याला भोक पाडून नळी घालतात आणि मशीन श्वास देतं. ताईने मधे मधे प्रश्न विचारले, चौकशीच्या खिडकीत लोक विचारतात तसे, नेमके. मशीन लावल्यावर बोलता येईल का? बहुतेक नाही. घरी राहता येईल का? अवघड आहे. मशीन कधी काढतात? मला माहीत नाही.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"लावावं असं वाटतं," मी म्हणालो. "तू काहीही न बोलता नुसती पडून राहिलीस तरी चालेल. मला तू हवीयस."

"ते तुझं झालं. माझं मी डॉक्टरला सांगेन."

"मला सांग ना. मी सांगतो त्यांना."

"तू नको. तू मधेच पाहणी बाकी घालशील."

आता डॉक्टरांची वेळ घ्यायची तर दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईंनी फार पुढची तारीख दिली. वर म्हणाल्या, "पेशंटला कशाला त्रास देता? कागद घेऊन नातेवाईक आले तरी चालतं." मी म्हटलं, पेशंटला बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "काय बोलायचंय ते तुम्हाला सांगू दे, तुम्ही डॉक्टरांना सांगा." मी म्हटलं, तेच तर करायचं नाही. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पेशंट नक्की कोण, असा प्रश्न त्यांना पडला असावा. आणि इकडे घरी रोज ताईचा आवाज खोल जात होता. स, श, ल सगळं एकाच ठिकाणाहून यायला लागलं. बायकोला आणि मला कळायचं, हेडमास्तरांना कळेनासं झालं होतं. ते वर जाऊन कानात कापूस आहे का बघून आले. मी रोज त्या खिडकीपुढे जाऊन उभा राहायला लागलो. भांडलो, विनवण्या केल्या, एकदा तर माझा जुना हुद्दा सांगितला. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. शेवटी कोणाची तरी वेळ रद्द झाली आणि माझं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ती आम्हाला दिली.

चाकाच्या खुर्चीतून ताईला आत नेलं. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "गिळताना ठसका लागतो का यांना?"

ताई बोलायला लागली. मानेपासून सगळा जोर लावून बोलत होती. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग नम्रपणे माझ्याकडे वळले.

"काय म्हणतायत?"

मला कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मनात आलं, आपण उलट सांगितलं तर? मशीन लावा म्हणतेय असं सांगितलं तर या खोलीत कोणाला कळणार आहे? माझी बहीण मला आणखी थोडी मिळेल. माझं तोंड उघडलंसुद्धा. ताई माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. नुसती बघत होती.

"मला विचारू नका," मी म्हणालो. "त्यांना विचारा. त्या बोलतायत."

डॉक्टरांचे कान लाल झाले. पण माणूस चांगला निघाला. ते उठले, टेबलाला वळसा घालून स्टूल घेऊन आले आणि ताईच्या अगदी गुडघ्याशी बसले. "सांगा," ते तिला म्हणाले. "मला वेळ आहे."

ताईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीही घाई न करता.

"नळी नको." डॉक्टरांनी तेच शब्द परत उच्चारले, तिने पापण्या मिटून होकार दिला. "मशीन नको." त्यांनी पुन्हा उच्चारले. "घरी राहणार." हे त्यांना तीनदा विचारावं लागलं, पण त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"कळलं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसंच करू. त्रास होऊ नये याची औषधं मी देईन. आणखी काही सांगायचंय?"

ताईने माझ्याकडे डोळे वळवले.

"छोट्या रडेल," ती म्हणाली. "रडू द्या त्याला."

एवढं मात्र डॉक्टरांना पहिल्या फटक्यात कळलं. उठून त्यांनी दार लावून घेतलं. आणि मी, निवृत्त प्रमुख आरेखक, परक्या माणसासमोर, ताईच्या खुर्चीचा दांडा धरून मोठमोठ्याने रडलो. ताईला हात उचलता येत नव्हता. तिने मान कलती करून डोकं माझ्या मनगटावर टेकवलं आणि माझं रडणं संपेपर्यंत ते तिथून हलवलं नाही.